ग्युर्ता फक्त लंडनपुरता नाही

कुणीतरी लिहिलंय की हंगेरीचा जलतरणपटू दानिएल ग्युर्ता म्हणजे लंडन २०१२ ऑलिंपिकचं सुवर्ण, बाकी काही नाही. हे काही पटलं नाही बुवा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं (बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याचा प्रकार) रौप्य त्याने घेतलं तेव्हा पठ्ठ्या १५ वर्षांचा होता! पुढे होता तो जपानचा किताजिमा, आणि अमेरिकेचा हॅन्सन ०.०७ सेकंदाने मागे.

सुरुवातीला मागे राहायचं आणि शेवटच्या ५० मीटरमध्ये एकेकाला गाठत सुटायचं, ही त्याची जुनी खोड. बघणाऱ्याचा जीव मात्र टांगणीला. २००९ ला रोममध्ये जगज्जेता झाला तो अवघ्या ०.०१ सेकंदाने. मग २०११ शांघाय आणि २०१३ बार्सिलोना, तिथेही सुवर्ण. मध्ये लंडन: २ मिनिटं ७.२८ सेकंद, विश्वविक्रम. घरच्या प्रेक्षकांच्या गजरात पोहणारा ब्रिटनचा जेमिसन ०.१५ ने हुकला. तो विक्रम सप्टेंबरातच जपानच्या यामागुचीने मोडला, ते सोडा.

बरं, हंगेरीला या प्रकाराची परंपराच आहे. १९८८ साली साबो, १९९६ ला रोझा, २००० मध्ये महिलांत आग्नेश कोवाच, सगळ्यांचं ऑलिंपिक सुवर्ण याच २०० मीटरमध्ये.

आणखी एक, कुणी लिहिलं नाही म्हणून. नॉर्वेचा जलतरणपटू दाले ओएन हा त्याचा मित्र एप्रिल २०१२ मध्ये अचानक गेला. लंडननंतर ग्युर्ताने आपल्या सुवर्णपदकाची प्रतिकृती त्याच्या कुटुंबासाठी करून घेतली.