अनुभव धागा : जुनी पिकअप नेमकी केव्हा तापते?

पाऊस उघडला की आपल्या भागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, ऊसतोड आणि गाड्यांचं तापणं. तवंदी घाट असो, वंटमुरी असो की चोर्ला, बॉनेट उघडून उभी असलेली एखादी पिकअप आणि रिकामा कॅन घेऊन पाणी शोधणारा ड्रायव्हर दिसला नाही असा आठवडा जात नाही.

म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात जे कोणी जुनी डिझेल गाडी चालवतात किंवा दुरुस्त करतात, त्यांनी लिहावं. विनंती एकच. कुठला पार्ट बदलला ते नंतर सांगा, आधी गाडी केव्हा तापत होती ते सांगा. चढाला हळू जाताना की हायवेला पळवताना? चालू केल्याकेल्या की तासाभराने? लोड असतानाच की रिकामीही? एवढं कळलं की निम्मं निदान घरीच होतं. हे न विचारता रेडिएटर, वॉटर पंप, वॉल (थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह) असं एकेक बदलत गेलं की खिसा रिकामा होतो आणि तापमानाचा काटा आहे तिथेच राहतो. गॅरेजचं, दुकानाचं नाव लिहू नका, चांगलं असो की वाईट.

सुरुवात मीच करतो. माझी पिकअप बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत भाजी घेऊन गोव्यात उतरते आणि येताना मासळीचे क्रेट असतात. म्हणजे खरा चढ येतानाच, केरी सोडली की. तिथे दुसऱ्या गिअरवर काटा चढायचा आणि कणकुंबीच्या पुढे सपाटीला गाडी पळाली की आपोआप खाली यायचा. हळू चालताना तापते आणि पळाली की निवते, म्हणजे पाणी फिरतंय, वारा कमी पडतोय. माझ्या गाडीला सिलिकॉन फॅन आहे, म्हणजे मधल्या डबीतल्या सिलिकॉन तेलाच्या पकडीवर फिरणारा. थंड असताना तो हाताने सहज फिरतो, तसा फिरायलाच हवा. पण इंजिन चांगलं गरम करून, बंद करून फिरवलं तर तो जड लागला पाहिजे. माझा गरम असतानाही भिंगरत होता. फॅनच्या मधल्या डबीवर पुढे एक चपटी गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिच्या कडेने तेलकट धुळीचं काळं कडं धरलं होतं. आतलं सिलिकॉन तेल तिथूनच झिरपून गेलेलं. फॅनची डबी बदलली. रेडिएटरमागच्या प्लास्टिकच्या काउलिंगचा (फॅनभोवतीच्या आवरणाचा) खालचा अर्धा भागही गायब होता, तो जुन्या गाड्यांच्या भंगारातून आणून बसवला. काउलिंग नसेल तर फॅन तीच गरम हवा इंजिनखान्यात घुसळत बसतो. आता त्याच चढाला काटा मधोमध असतो.

निपाणी, तंबाखूची वाहतूक

माझं नेमकं उलट. गावात ठीक, हायवेला साठच्या पुढे नेली की तापायची. रेडिएटर पुढून बघितला तर बरा दिसत होता. बॅटरी टॉर्च मागच्या बाजूला धरून पुढून बघा असं कुणीतरी म्हणालं, बघितलं तर उजेड चार बोटांच्या पट्टीतूनच येत होता. बाकी सगळं तंबाखूच्या भुग्याने आणि लाल मातीने बुजलेलं. वर कुठून तरी तेल लागलं असणार, त्यामुळे ते घट्ट चिकटलं होतं. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर जातो. पुढून मारलं की आणखी आत बसतो. आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप जवळून मारू देऊ नका, पापड्या (जाळीतल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) वाकतात आणि वाकलेल्या पापडीतून वारा जात नाही. साखर कारखान्याच्या यार्डात रोज गाडी जाणाऱ्यांनी तर हे आधी बघावं, तिथला बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा याहून वाईट.

खानापूर, दुधाची गाडी

लक्षण : रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी वाढतच चाललंय आणि रेडिएटरमधलं कमी होतंय. सकाळी थंड गाडीचं बॉनेट उघडलं तर वरचा होजपाइप चपटा पडलेला. दोष रेडिएटरच्या टोपीचा. टोपीत दोन झडपा असतात. मोठी दाब धरते आणि मधली छोटी, इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत घेते. ही छोटी अडकली की पाणी परत येत नाही आणि आतली पोकळी पाइपालाच आत ओढते. टोपी नवी, काम संपलं.

यात एक सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथे उघड्यावर पाणी ९७-९८ अंशांलाच उकळतं. टोपीने ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी ११५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. टोपी दाब धरत नसेल तर कितीही नवा रेडिएटर टाका, घाटात ते उकळणारच. टोपीवर छापलेला आकडा बघून तीच घ्या, जास्त दाबाची घेतली तर जुने पाइप फुटतील.

बेळगाव, गॅरेज चालवतो

तुमचा पहिला प्रश्न बरोबर आहे, पण गिऱ्हाईक तो ऐकत नाही. येतानाच निकाल लावून येतो. "वॉल काढून टाका ओ, आपल्याकडे गरम हवा, वॉल कशाला पाहिजे?" परवा एक जण घाईघाईत आला, "इंजिन बिसी आगैत्री, नीर हाकली?" (इंजिन तापलंय, पाणी घालू का?) म्हणत टोपीलाच हात घालायला लागला. मी मनगट धरलं. गरम टोपी उघडायची नाही. दाब सुटला की ते पाणी जागच्या जागी उकळून तोंडावर येतं. आणि लाल झालेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही, हेड (इंजिनाचा वरचा भाग) तडकतं. अर्धा तास थांबा. तेवढ्यात चहा घ्या.

आता वॉलबद्दल. थर्मोस्टॅट वॉलच्या पितळी डबीत मेण असतं. ते तापून फुगलं की दट्ट्या ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, बऱ्याच गाड्यांत ८२. तो तपासायला नवं काही लागत नाही. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि गॅस लावायचा. ८२ च्या आसपास फट दिसली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत चांगला उघडला पाहिजे. उघडलाच नाही तर तो चोर. व्यवस्थित उघडला तर परत बसवा आणि दुसरीकडे बघा.

काढून टाकला तर काय होतं? इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, डिझेल जास्त पितं, काजळी धरते. त्याहून वाईट म्हणजे काही इंजिनांत हाच वॉल उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसला की पाणी सोप्या वाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरत राहतं आणि रेडिएटरला निम्मंही जात नाही. म्हणजे तापू नये म्हणून वॉल काढला आणि लोडवर गाडी आणखी तापायला लागली. असे लोक माझ्याकडे दर हंगामात येतात.

येळ्ळूर, छोटा हत्ती

गॅरेजवाल्या दादांशी सहमत नाही. माझ्या गाडीला कित्येक वर्षं वॉल नाही. भात, बटाटा, सिमेंट सगळं वाहिलं. कधी तापली नाही.

बेळगाव, गॅरेज चालवतो

तुमच्या इंजिनाची बायपासची वाट बारीक असेल म्हणून निभावतंय. डिसेंबरात सकाळी काटा कुठे असतो आणि लिटरला किती देते तेवढं बघून सांगा, मग बोलू.

संकेश्वर, शेती आणि भाड्याची गाडी

रेडिएटर गळायला लागला की आमचे अप्पा हळद टाकायचे. हसू नका, चालतं ते. मूठभर हळदपूड टाकली की बारीक गळती बसते आणि गाडी घरी पोचते. पण घरी पोचल्यावर पाणी बदलून ती काढायची असते, ते कुणी करत नाही. हळद फुगून बारीक नळ्यांत बसते आणि मग गळती बंद, पाण्याची वाटही बंद. आमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता म्हणून वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवून साफ करता आला, गळतीला डाख लावली. आतून निघालेला चिखल चक्क पिवळा. नशीब, संकेश्वरची मिरची नाही टाकली. ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला हे करता येत नाही, तो बदलावाच लागतो.

खानापूर, विटा आणि कौलं

कूलिंगचं सगळं तपासून झालं, दोष सापडेना. भावाने मागच्या चाकाजवळ हात नेला तर ड्रम तापून वास मारत होता, बाकीची चाकं कोमट. ब्रेक सुटतच नव्हता. सपाटीवर न्यूट्रलमध्ये ढकलली तरी गाडी हलेना. इंजिन बिचारं ब्रेक ओढत चढत होतं. व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकला होता. क्लच घसरत असला तरी इंजिन असंच तापतं, आणि एअर फिल्टर चोंदला असला तरी. लोडबद्दल मी बोलत नाही, विटावाला आहे.

उद्यमबाग, मशीन शॉप

आमच्याकडे गाडी येत नाही, नुसतं हेड येतं, तेही बहुतेक वेळा उशिरा. तेव्हा कुठल्या लक्षणावर हेड खोलावं तेवढं सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करा, टोपी थंड असतानाच काढलेली असू द्या. पाण्यातून सतत बुडबुडे आले आणि थांबलेच नाहीत, किंवा टोपी लावून चालू केल्यावर इंजिन गरम व्हायच्या आधीच वरचा पाइप दगडासारखा घट्ट झाला, तर जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. डिपस्टिकवर ऑइल पांढरट फेसाळलेलं, पाणी कुठेच न गळता कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा थांबत नाही, हे सगळं एकदम दिसेलच असं नाही. एखादंही पुरे.

हेड आलं की आम्ही आधी पट्टी ठेवतो, सरळ कडेची. उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर. खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) सारतो. ०.०५ मि.मी.चं पान कुठे सहज गेलं की फेसिंगचा (हेडची बाजू घासून सपाट करण्याचा) विचार सुरू होतो, नक्की मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे. त्याआधी प्रेशर टेस्ट. पाण्याच्या वाटा बंद करून हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. थंड असताना न दिसणारी चीर गरम पाण्यात बुडबुडा सोडते. लोक याचे पैसे वाचवायला बघतात आणि चिरलेल्या हेडचं फेसिंग करून नेतात.

फेसिंग करताना कमीत कमी मटेरियल काढायचं. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागाच थोडी असते. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह किती आत बसलेत ते परत मोजावं लागतं. अनेक डिझेल इंजिनांचं हेडखालचं गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळतं, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून जाडी ओळखायची. जुनं गॅस्केट दुकानात घेऊन जा, नुसतं गाडीचं नाव सांगू नका. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्या फिटरला नमस्कार करून पुढे जा.

उचगाव

माझी फक्त रात्री तापायची. हेडलाइट लावला की काटा वर, बंद केला की खाली. इंजिनाला काही झालंच नव्हतं, मीटरची अर्थ वायर सैल होती. ती घासून घट्ट केली.

चिकोडी, द्राक्ष आणि डाळिंब वाहतूक

वरच्या मीटरवाल्याच्या उलट एक धोका. काटा चढत चढत गेला आणि अचानक खाली पडला, तर हुश्श करू नका. पाणी संपलंय. सेन्सर पाण्यात असेल तरच खरं सांगतो, नुसत्या वाफेत तो थंडच दाखवतो. त्याच क्षणी बाजूला घेऊन बंद करा.

आमच्याकडे सगळं बोअरचं पाणी. भांड्याला जसा पांढरा थर बसतो, तोच आत बसतो. आता मी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालतो. हिरवं आणि लाल एकत्र करू नका, काही जोड्यांचा गाळ होतो. सांडलेलं कूलंट लगेच धुवा, गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

कडोली

प्रश्न आहे. वॉटर पंप नवा बसवला, गळती नाही, तरी पाणी भरल्यावर थोडं चालवलं की काटा वर आणि हिटरला थंड हवा. माझ्या गाडीचं इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे.

बेळगाव, गॅरेज चालवतो

आत हवा अडकलीय. लांब पाइपांच्या गाडीत हे होतंच. इंजिन थंड असताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे रेडिएटरची टोपी सगळ्यात उंच येते. हिटर फुल गरमवर ठेवा. पाइपाला किंवा वॉलच्या घरावर हवा काढायचा स्क्रू असेल तो सैल करा आणि हळूहळू भरा, स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग पाणी यायला लागलं की घट्ट करा. मग टोपी न लावता चालू करून वॉल उघडेपर्यंत थांबा, पातळी एकदम खाली जाईल, तिथे परत भरा आणि टोपी लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा बघा. हिटर गरम झाला नाही तर पंपातला पंखा शाफ्टवर सुटा फिरतोय का ते बघायला गाडी घेऊन या.