ईव्ही घ्यावी की हायब्रिड? सांगलीतून सल्ला हवा

गावभागकर: नमस्कार मंडळी. जुनी पेट्रोल गाडी बदलायची आहे, बजेट ऑन-रोड १५ लाख. रोज कुपवाड एमआयडीसी, अधेमधे मिरज, असं तीसेक किलोमीटर होतं. महिन्यातून एकदा पुणे. मला नेक्सॉन ईव्ही (विजेवर चालणारी) आवडली आहे, पण वडील म्हणतात बॅटरी गेली की गाडी भंगारात. बायकोला पुराची धास्ती. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी होतं. शोरूमवाला हायब्रिडच (पेट्रोल इंजिन आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर) घ्या म्हणतोय. वाड्यात गाडी आत येत नाही, रस्त्यावरच लावतो. काय करावं?

वायरमन_मिरज: दादा, बॅटरी राहू द्या, रस्त्यावर लावताय तर चार्जिंग कुठे करणार ते आधी ठरवा. ईव्हीची बचत होते ती रात्री घरच्या विजेवर. पब्लिक फास्ट चार्जरचा दर त्याहून चढा असतो. आणि माडीवरून एक्स्टेंशन बोर्ड सोडून चार्जिंग करू नका, हात जोडून सांगतो. ३.३ किलोवॅटचा लोड रात्रभर चालतो. असे वितळलेले बोर्ड मी काढलेत. जाड वायर, नीट अर्थिंग, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवाच. तुमच्या रनिंगला महिन्याला ११०-१२० युनिट लागतील. ते घरच्या मीटरवर घेतले तर वरच्या स्लॅबमध्ये जातील, तेही हिशोबात धरा. तरी पन्नासेक लिटर पेट्रोलपुढे ते बरंच स्वस्त.

कराडचा_प्रवासी: मी ईव्ही वापरतो. वडिलांना सांगा, बॅटरी एका रात्रीत मरत नाही, क्षमता हळूहळू उतरते. बहुतेक गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी आहे. जुनी विकताना भाव पडतो, ही भीती मात्र खरी. चार-पाच वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर विचार करा.

पुणे साधारण २३५ किमी. ४५ युनिटची बॅटरी ९० च्या वेगाने एका चार्जमध्ये तिथवर नेते, ११० ने नेलीत तर धाकधूक. खंबाटकी घाट चढताना टक्के भराभर उतरतात, उताराला थोडे परत येतात. मी साताऱ्यात जेवायला थांबतो, तेवढ्यात चार्जिंग होतं. चार्जर चालू आहे का ते ॲपवर बघूनच निघा; गणपती-दिवाळीला रांग लागते.

पुराचं म्हणाल तर बॅटरीला आयपी६७ हे पाण्यापासून बचावाचं मानांकन असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. चार दिवस बुडाली तर पेट्रोल गाडीही वाचत नाही. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आधी चार्ज करून घ्या, कारण वीज जाते, आणि गाडी विश्रामबागेकडे नेऊन लावा. विम्यात बॅटरीचं ॲड-ऑन (जादा संरक्षण) घ्याच.

हळदभवन: हायब्रिड म्हणजे स्ट्राँग की माइल्ड, विचारलंत का? स्ट्राँग थोडा वेळ नुसत्या मोटरवर चालते, माइल्ड चालत नाही आणि तिच्या मायलेजचा फरकही किरकोळ. ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड कागदावर लिटरला २७.९७ किमी देते आणि चार्जिंगची कटकट नाही, पण तिला जीएसटी ४०%, ईव्हीला ५. १५ लाखांत बसणार नाही. जागा मिळाली तर डोळे मिटून ईव्ही घ्या. नाही मिळाली तर साधी पेट्रोल घ्या, माइल्डसाठी जास्तीचे पैसे घालू नका.

गावभागकर: सगळ्यांचे मनापासून आभार. मामांची वखार घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, तिथे पत्र्याची शेडही आहे. मामांना विचारतो. वायरमन दादा, सॉकेटसाठी वखारीच्या मीटरचा लोड वाढवावा लागेल का? तिथे सध्या फक्त दिवे आणि वजनकाटा आहे.

वायरमन_मिरज: वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो आकडा इथे टाका. आणि वखारीचं मीटर कमर्शियल असणार, त्याचा दर जास्त. ईव्हीसाठी वेगळं मीटर मिळतं, त्याचा अर्ज आधी करा. गाडीचं बुकिंग त्यानंतर.