चेनला हात लावायचा की नाही

नव्या बाईकच्या चेनला तेल कधी घालायचं या तुमच्या प्रश्नावर वर एकाने लिहिलंय, पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत चेनकडे बघूच नको. निपाणी-बेळगाव हायवेपुरतं ठीक असेल, पण तुमचं रोजचं जांबोटी-खानापूर, तेही पावसात, म्हणून मला हे पटत नाही. पाऊस चेनवरचं तेल धुऊन नेतो आणि तांबडा चिखल आत बसतो. वाळला की पॉलिश पेपरच. बहुतेक मॅन्युअलमध्ये दर 500 किलोमीटरला तेल सांगतात, आपल्याकडे पावसाळ्यात त्याच्या आधीच घाला. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसायची (रॉकेल हल्ली मिळतंय कुठं, मग चेन क्लीनर आणा), वाळू द्यायची आणि 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडायचं. पेट्रोल नको, चेनच्या कड्यांत ओ-रिंग (रबरी रिंगा) असतील तर खराब होतात. आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे बघितलेत मी. बोटं जातील बाबांनो!

कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे ताण. चाक हाताने फिरवत तीन-चार जागी चेन वर-खाली करून बघा, सगळीकडे सारखी सैल नसते. जिथं सगळ्यात घट्ट लागेल तिथंच चेन किती वर-खाली होते त्याचं माप घ्यायचं. किती मिलिमीटर ते मॅन्युअलमध्ये असतं. मेकॅनिक हमखास जास्त आवळून देतात, त्याने बेअरिंग लवकर जातं.