पेन्शन कुणाला लागू नसली तरी डिक्लरेशन द्यावंच लागतं
वर एकांनी लिहिलंय की त्यांच्या यूकेतल्या कॅफेत दोघेच कामाला, दोघांचाही पगार वर्षाला १०,००० पौंडांच्या आत, म्हणजे ऑटो एनरोलमेंटचं (मालकाने कामगारांना आपणहून पेन्शन योजनेत घालायच्या नियमाचं) काही करायला नको. कृपया असं समजू नका! पेन्शनमध्ये कुणाला घालावं लागलं नाही तरी ड्युटीज (मालकाच्या पेन्शनविषयक जबाबदाऱ्या) सुरू झाल्यापासून ५ महिन्यांत पेन्शन्स रेग्युलेटरकडे (पेन्शनच्या नियमांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे) डिक्लरेशन ऑफ कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळल्याचं निवेदन, द्यावंच लागतं. दर तीन वर्षांनी पुन्हा.

माझ्या नणंदेचं नेमकं इथेच चुकलं. अकाउंटंट करेल असं ती धरून चालली, तो म्हणे ते माझ्याकडे नव्हतंच. कायद्याने जबाबदारी मालकाचीच. आधी नोटीस आली, ती पत्रांच्या ढिगात राहिली, मग ४०० पौंडांचा ठोक दंड. तरीही हललं नाही तर रोजचा दंड लागतो: चार माणसांपर्यंत दिवसाला ५० पौंड, पाच ते ४९ असतील तर थेट ५००. छोट्या धंद्याचं यात कंबरडंच मोडतं हो.

दंडाची नोटीस आलीच असेल तर २८ दिवसांत रिव्ह्यू मागता येतो. पण डिक्लरेशन आजच भरा, ऑनलाइनच असतं.