जुन्या गाडीचं तेल गळायलंय : कुठून, ते कसं सापडलं?

लातूरहून लिहितोय. आमची डिझेल गाडी २००८ सालची, २ लाख ७० हजार किलोमीटर झालेली. उन्हाळ्यात अंगणातल्या शहाबादी फरशीवर नाण्याएवढा डाग दिसला, पोळ्यापर्यंत तो ताटलीएवढा झाला. एक मिस्त्री म्हणाला चेंबरचं (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचं) पॅकिंग गेलंय. दुसरा म्हणाला क्रँकचं (इंजिनच्या फिरत्या दांड्याचं) मागचं सील, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तिसऱ्याने थेट इंजिन कामच सांगितलं. निघालं काय, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग. उष्णतेने वाळून इतकं कडक झालं होतं की काढताना काडीसारखे तुकडे पडले. तेल तिथून निघून इंजिनच्या मागच्या अंगाने उतरायचं आणि चेंबरच्या कडेला येऊन थेंब धरायचं. खालून बघणाऱ्या प्रत्येकाला खालचीच जागा दिसली. वाकून वरून टॉर्च मारायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

तुमच्याकडे डाग कुठं पडायचा आणि तेल निघालं कुठून, ते सविस्तर लिहा. खर्चाच्या आकड्यापेक्षा शोध कसा लागला हे कळलं तर दुसऱ्याचा गिअरबॉक्स विनाकारण उतरणार नाही.

परभणी
आमची गाडी रोज रानात जाते. पावसाळ्यात काळी माती चेंबरखाली लिंपून बसते, तेल पिते आणि उन्हाळ्यात तिचे पोपडे धरतात. त्या थराखाली गळती शोधणं शक्यच नाही. मी इंजिन थंड असताना डायनामो आणि वायरींवर प्लास्टिक बांधलं, खुरप्याने माती खरवडली, डिझेल आणि ब्रशने सगळं धुतलं आणि फडक्याने कोरडं करून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी जिंतूरला जाऊन आलो. तरी नक्की कळेना, कारण तीन ठिकाणी ओल होती. मग पुन्हा पुसून त्या तीन जागांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली (पट्ट्यापासून लांब) आणि गाडी उभीच चालू ठेवली. पंधरा मिनिटांनी पांढऱ्या पावडरीत एक काळपट रेघ उमटली, दोऱ्याएवढी बारीक. तिचं वरचं टोक ऑइल प्रेशरच्या स्विचवर होतं. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, म्हणून ओल्या जागांतली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा आधी धरावी. स्विच बदलला आणि बाकीच्या दोन्ही जागा आपोआप कोरड्या झाल्या.

बीड
सर्व्हिसिंग करून घरी निघालो आणि मांजरसुंब्याच्या घाटात तेलाचा लाल दिवा लागला. जागीच इंजिन बंद केलं. मागे रस्त्यावर तेलाची धार दिसत होती. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर तिच्यावरच आवळलेला. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली तर आधी फिल्टर आणि चेंबरचा ड्रेन नट बघा. लाल दिवा लागल्यावर 'गाव जवळच आहे' म्हणून एक किलोमीटरसुद्धा पुढे नेऊ नका.

नांदेड
क्रँकचं पुढचं सील वर्षात दोनदा बदललं, दोन्हीदा दीड-दोन महिन्यांत परत ओल. एक वयस्कर मिस्त्री मात्र सीलला हातही न लावता म्हणाले, "सील बापडं काय करील, आतनं दाब यायलाय." गाडी चालू ठेवून तेलाचं झाकण काढायला लावलं, तर भसाभस वाफ बाहेर आली. इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप काढला, आत डांबरासारखी काजळी गच्च बसलेली. वाफेला वाट नसली की ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. पाइप साफ केला, सील तिसऱ्यांदा बसवलं. आता दीड वर्ष झालं, कोरडं आहे. ब्रीदर मोकळा असूनही झाकणातून धूर जोरात येत असेल, तर मात्र ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवाटे खाली उतरतोय. तिथं रिंगा-बोअरच बघावे लागतात.

जालना
बेल हाऊसिंगखालचा (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या घराखालचा) थेंब बोटावर घेऊन वास घ्या. आमच्याकडे गंधकासारखा उग्र वास आला, म्हणजे ते इंजिनचं नव्हे, गिअरचं तेल होतं.

धाराशिव
आमचं खरोखरच क्रँकचं मागचं सील निघालं. गाडी वडिलांच्या हातची, विकायची नाही. हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आसपास तेल जातं. धूर निळा नाही, म्हणजे जळत नाही, गळतंच. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी बघून मी वर्षभर थांबलो. दर रविवारी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी तेल मोजायची पट्टी बघतो आणि किती ओतलं ते वहीत लिहितो. पण परवा तुळजापूरच्या घाटात क्लच सटकल्यासारखा वाटला. इंजिन ओरडत होतं, गाडी ओढत नव्हती. तेल क्लचप्लेटपर्यंत पोचलं असावं. आता गिअरबॉक्स उतरवणारच आहे, तर सील आणि क्लचप्लेट एकदमच करून घेतो. मजुरी तेवढीच लागते.