शोकुदाईकिरी मित्सुतादा : तलवार जळालेली, मग पात्र असे कसे?

प्रश्न
जपानी तलवारींना योद्ध्यांचे मानवी रूप देणाऱ्या 'तोकेन रानबू' या खेळावरून २०१६ मध्ये आलेली 'हानामारू' ही ॲनिमे मालिका नुकतीच पाहून झाली. तिच्यातील शोकुदाईकिरी मित्सुतादा, म्हणजे काळ्या पोशाखातला, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधलेला आणि आपण कसे दिसतो याविषयी कमालीचा दक्ष असलेला योद्धा, मला विशेष आवडला. तो ज्या तलवारीचे मानवी रूप आहे ती १९२३ च्या भूकंपात जळाली, असे वाचनात आले. मग हे पात्र कशावरून घडवले गेले असावे आणि मूळ तलवार आज कोणत्या अवस्थेत आहे?

प्रतिसाद १
ही तलवार तेराव्या शतकात, कामाकुरा काळात, बिझेन प्रांतातील ओसाफुने येथे घडवली गेली. तिचा कारागीर मित्सुतादा हा ओसाफुने घराण्याचा आद्यपुरुष मानला जातो. पुढे ती सेंदाईचा सरदार दाते मासामुने याच्याकडे आली. त्याने काशाच्या दीपदानामागे लपलेल्या एका सेवकावर वार केला, तेव्हा सेवकाबरोबर दीपदानही कापले गेले, अशी आख्यायिका आहे आणि तलवारीचे नाव त्यावरूनच पडले. खेळातले पात्र स्वतःची ओळख करून देताना हाच पराक्रम सांगते आणि लगेच, हे काही फारसे रुबाबदार वाटत नाही, अशी कुरकुरही करते! नंतर तलवार मितोच्या तोकुगावा घराण्याकडे गेली आणि १ सप्टेंबर १९२३ च्या कान्तो महाभूकंपानंतर भडकलेल्या आगीत, तोक्योतील त्यांच्या वाड्यात, जळाली. ती कायमची नष्ट झाली असे अनेक जण समजत होते. जानेवारी २०१५ मध्ये खेळ सुरू झाल्यावर चाहत्यांनी मितो येथील तोकुगावा संग्रहालयाकडे चौकशी केली, तेव्हा काळवंडलेले पाते तेथे जपून ठेवलेले असल्याचे सर्वांना कळले आणि त्याच वर्षी ते प्रदर्शनात मांडण्यात आले.

प्रतिसाद २
वरील माहितीत तांत्रिक बाजूची भर घालतो. जपानी तलवारीचे पाते तापवून पाण्यात विझवताना पाठीवर मातीचा जाड थर आणि धारेवर पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे धार झपाट्याने थंड होऊन अतिशय कठीण बनते, पाठ मात्र चिवट राहते, आणि या दोन भागांच्या सीमेवर हामोन नावाची नक्षी उमटते. आगीत सापडलेले पाते पुन्हा तापून सावकाश थंड झाले की ही कठीणता आणि तिच्याबरोबर हामोनही निघून जाते. आकार शिल्लक राहतो, पण कारागिराची खरी करामत ज्यात असते तेच हरवते. अशा पात्याला पुन्हा पाणी देता येते. १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडला तेव्हा जळालेल्या इचिगो हितोफुरी या तलवारीला एचिझेन यासुत्सुगू या कारागिराने असेच पाणी दिले होते. मित्सुतादाच्या बाबतीत तसे केले गेले नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण आज दिसणारे काळे पाते निदान जे घडले ते लपवत नाही.

प्रतिसाद ३
काळा पोशाख जळालेल्या पात्यावरून सुचला असावा, असे काही चाहते म्हणतात, परंतु मला ते पटत नाही. पाते लोकांसमोर आले तेच मुळी खेळ सुरू झाल्यानंतर. मासामुनेचे काळ्या लाखेचे चिलखत सेंदाईच्या संग्रहालयात आहे, आणि काळ्या रंगासाठी तेवढे कारण मला पुरेसे वाटते. पट्टीही मालकाचीच देणगी होय. लहानपणी देवीच्या आजारात मासामुनेचा उजवा डोळा गेला होता. गंमत अशी की आपल्या चित्रांत दोन्ही डोळे दाखवावेत अशी त्याची इच्छा होती असे सांगतात, त्यामुळे पट्टी ही इतिहासापेक्षा पुढच्या काळातील लोकप्रिय प्रतिमेतून आलेली आहे. पात्राची स्वयंपाकाची आवडही मासामुनेचीच.

प्रश्नकर्ता
म्हणजे पात्र तलवारीपेक्षा मालकावरच अधिक बेतलेले आहे, असे म्हणावे का?

प्रतिसाद ३
या पात्रापुरते होय, पण सर्वांना हा नियम लावू नका. होनेबामी तोशिरो ही तलवार १६५७ च्या मेइरेकी आगीत जळाली, आणि त्या पात्राला आपला भूतकाळ जवळजवळ आठवतच नाही. तेथे आग थेट स्वभावात उतरली आहे. मित्सुतादाच्या घडणीत मात्र लेखकांनी तोक्योतील आगीऐवजी सेंदाईचा सरदार निवडला.