झूटोपिया: उपदेश एका गोष्टीचा, हशा दुसऱ्याच गोष्टीवर

जुळे_सोलापूरकर:
सुट्टी लागली म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांसाठी 'झूटोपिया' लावला होता. डिस्नेचा, २०१६ सालचा. ऑस्कर मिळालेला, जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर धंदा केलेला. एवढं झाल्यावर पिक्चर वाईट आहे म्हणायची सोय नाही, पण अर्धाच चांगला आहे असं माझं मत आहे.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात (शेवट फोडतोय, पण आता बरीच वर्षं झाली): प्राण्यांचं शहर. मांसाहारी-शाकाहारी सगळे कपडे घालून, नोकऱ्या करून एकत्र नांदतात. गाजराच्या शेतावरून आलेली ज्युडी ही ससुली पोलिसात भरती होते आणि निक नावाच्या भामट्या कोल्ह्याला हाताशी धरून बेपत्ता प्राण्यांचा तपास लावते. मधेच मांसाहारी प्राणी पिसाळायला लागतात. त्यामागे निघते बेलवेदर नावाची मेंढी, हुद्दा उपमहापौर. फुलांचा विषारी अर्क गोळीतून मारून ती त्यांना पिसाळवते, का तर नव्वद टक्के शाकाहारी जनता घाबरून आपल्यामागे उभी राहावी. तात्पर्य काय, जातीवरून कुणाला जोखू नका.

आता आपण हसतो कशाला ते बघा. सगळ्यात गाजलेला प्रसंग आरटीओसारख्या कार्यालयातला. सगळ्या खिडक्यांवर स्लॉथ. (आपलं अस्वल नव्हे, दक्षिण अमेरिकेतला झाडाला लटकणारा प्राणी.) ज्युडीला एका नंबरप्लेटची माहिती हवी आहे, वेळ अजिबात नाही, आणि खिडकीतला फ्लॅश नावाचा स्लॉथ एकेक अक्षर जात्यावर दळल्यासारखं बाहेर काढतोय. त्यात निक मुद्दाम तीन कुबडांच्या उंटाचा जोक टाकतो. फ्लॅशच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू वर चढत जातं, हसून झाल्यावर तो तोच जोक शेजारच्या खिडकीतल्या प्रिसिलाला सांगायला वळतो, आणि ज्युडी टेबलावर डोकं आपटायची तेवढी बाकी राहते. बाहेर येतात तर रात्र. हॉलमध्ये पोरांपेक्षा आईबाप जास्त हसले.

पण हा विनोद उभा कशावर आहे? स्लॉथ म्हणजे मंद. सशांचा विनोद कशावर? पोरवड्यावर, गावाच्या पाटीवरची लोकसंख्या डोळ्यांदेखत वाढत जाते. लांडग्यांचा? एकाने हेल काढला की सगळ्यांनी काढायचा. म्हणजे भाषणात सांगायचं की जातीवरून ठरवू नका, आणि प्रेक्षकाला हसवायचं फक्त जातीवरून. ही लबाडी आहे.

पूर्वभागवाला:
मालक, फ्लॅशचा अर्धाच प्रसंग सांगितलात. शेवटी एक स्पोर्ट्स कार शहरातून सुसाट सुटते, ज्युडी-निक पाठलाग करून अडवतात, काच खाली येते, आत कोण? फ्लॅश. म्हणजे ज्या विनोदावर तुम्ही हसलात त्याची वसुली पिक्चर स्वतःच करतो.

दुसरं. पहिल्याच दिवशी तो गुबगुबीत चित्ता क्लॉहाउजर ज्युडीला गोड म्हणतो. ती अवघडून सांगते, एक ससा दुसऱ्या सशाला म्हणाला तर चालतं, बाकीच्यांनी म्हटलं की जरा... आणि तो तोंडावर पंजे घेतो. मी घरात तेलुगू बोलत वाढलो, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची खिचडी. आमच्या उच्चारांवर घरी आम्हीच पोट धरून हसतो. तेच वर्गात कुणी नक्कल करून दाखवली की कान गरम व्हायचे. विनोद तोच, फरक करणारा कोण याचा. तीन ओळींत हे दाखवणाऱ्या पिक्चरला लबाड कसं म्हणता? निक बेलवेदरच्या लोकरीला हात लावतो तेव्हाही ज्युडी कुजबुजत दटावते, की मेंढीच्या लोकरीला असा हात लावत नसतात. परक्याच्या केसांना कुतूहलाने हात लावणारे कोण असतात, हे अमेरिकेतल्या काळ्या बायकांना विचारा.

माळावरचा:
हसण्याचं राहू द्या, प्रतीकाचं बोला की ओ. आमची मेंढरं आहेत, सोलापूरजवळ नान्नजच्या माळाला चरायला असतात. तिथं लांडगा खराखुरा आहे, खोकड आहे, आणि लांडगा मेंढरू नेतो म्हणजे नेतोच. पिक्चर म्हणतो मेंढीची भीती म्हणजे पूर्वग्रह. असं कसं? माणसामाणसातला पूर्वग्रह खोटा असतो, कारण समोरचा पण माणूसच. इथं समोरच्याच्या पणजोबानं तुमचा पणजोबा खरंच खाल्लेला आहे, सुरुवातीच्या शाळेतल्या नाटकात ज्युडी स्वतः तेच सांगते. मग अल्पसंख्याकाच्या जागी वाघ-लांडगा बसवला तर ऐकणाऱ्या पोराच्या डोक्यात काय जाईल? की ते मुळात धोक्याचेच होते, आता सुधरलेत. लै वंगाळ प्रतीक आहे. आणि सिंह जेवतो काय, ते कुठं दाखवलंय? महापौर हाय म्हणून काय गवत खाऊलालाय?

शेंगाचटणी:
सिंहाचा डबा 😂😂 हा प्रश्न मला पण पडलेला.

पण तुम्ही लोकं मजा सोडून काय धरून बसलात राव. लपवलेल्या गोष्टी बघा ना. बँकेतून सूट घालून बाहेर पडणारे लेमिंग (थंड प्रदेशातले उंदरासारखे प्राणी), आणि बँकेचं नाव लेमिंग ब्रदर्स! २००८ ला बुडालेली लेहमन ब्रदर्स आठवा. फुटपाथवर पायरेटेड सीडी विकणारा ड्यूक वीझलटन, हे डिस्नेच्याच 'फ्रोझन'मधल्या ड्यूकचं नाव, आवाज पण त्याच नटाचा, ॲलन ट्युडिक. टंड्राटाउन या बर्फाळ भागात 'फ्रोझन'च्याच एल्सा-ॲना या बहिणींचे फ्रॉक घातलेल्या दोन हत्तिणी पोरी. विषाच्या प्रयोगशाळेत पिवळा सूट घातलेला मेंढा, आणि दारावर आलेल्यांची नावं वुल्टर आणि जेसी. 'ब्रेकिंग बॅड' (पिवळे सूट घालून ड्रग्ज बनवणाऱ्या वॉल्टर आणि जेसीची मालिका) बघितलेला माणूस तिथं खुर्चीतून उठतो. डॉन तर कहर, पांढऱ्या अस्वलांच्या घोळक्यातून शेवटी निघतो तळहातावर मावेल एवढा चिचुंदरीसारखा मिस्टर बिग, आणि बोलतो थेट 'गॉडफादर'सारखा. टीव्हीवरचा बातम्या देणारा प्राणी पण देशागणिक बदललाय, चीनमध्ये पांडा, ऑस्ट्रेलियात कोआला.

जुळे_सोलापूरकर:
शेंगाचटणी, तुमच्या यादीतलं काहीही काढून टाकलं तरी गोष्टीला ओरखडा येत नाही. हे प्रेक्षकाला डोळा मारणं झालं. लपवलेलं खरं सामान वेगळं आहे. सुरुवातीला वीझलटन एक पिशवी चोरून पळतो, साहेब ज्युडीला झापतो, की कांदे परत आणायला एवढा गोंधळ घातलास? ती म्हणते, कांदे नाहीत, फुलांचे कंद आहेत. आपण तेव्हा हसून सोडून देतो. पुढे ती नोकरी सोडून गावी भाजी विकायला बसते, तिथे कळतं की त्या फुलांना 'नाइट हाउलर' म्हणतात, आणि तिच्या एका मामाने लहानपणी एक आख्खं खाल्लं होतं तेव्हा तिच्या आईच्या दंडाचा लचका तोडला होता. ससा पिसाळू शकतो! म्हणजे पिसाळणं रक्तात नाही, फुलात आहे. रहस्याची किल्ली पहिल्या अर्ध्या तासात कांद्यांच्या विनोदात ठेवून दिली होती. याला मी शंभर मार्क देतो. माळावरच्यांचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे, आणि माझ्या मुद्द्याला त्याने बळच येतं.

अक्कलकोट_रोड:
सशांच्या विनोदावर एक राहिलं दादा. ज्युडी निकला कसा अडकवते ते आठवा. तो फुशारकी मारतो, बारा वर्षांचा असल्यापासून रोज दोनशे डॉलर कमावतो, वर्षाचे ३६५ दिवस. ती पेनातल्या रेकॉर्डरवर ते घेते आणि तोंडी हिशेब सांगते: वीस वर्षांचे १४ लाख ६० हजार, आणि कर भरलास शून्य. वर म्हणते, मी काय बाई, मठ्ठ ससुली, पण गुणाकारात आमचा हात कोण धरणार! तोच पोरवड्याचा टोमणा, आता तिच्या हातात. तिला हिणवायला वापरतात त्याच शब्दाने ती त्याचा गळा धरते. आणि तेच पेन शेवटी बेलवेदरचा कबुलीजबाब घेतं.

बाय द वे, ज्युडीचे आईबाबा सांगतात ना, आम्ही सुखी का आहोत तर आम्ही स्वप्नं सोडून दिली, ते ऐकून माझे सासरे म्हणाले, बरोबर बोलतोय. पुण्याला जातो म्हणणाऱ्या पोराला हेच सांगत होते इतकी वर्षं.

मास्तर_निवृत्त:
मंडळी, बोलणाऱ्या प्राण्यांची गोष्ट आपल्याला नवी नाही. पंचतंत्रातला मित्रभेद घ्या. पिंगलक हा सिंह आणि संजीवक हा बैल, मांस खाणारा आणि गवत खाणारा, जिवलग मित्र होतात. त्याआधी सिंह यमुनेवर पाणी प्यायला गेला असताना बैलाचा नुसता डुरकणा ऐकून घाबरून मागे फिरलेला असतो. दमनक हा कोल्हा या भीतीचाच धंदा करतो. सिंहाला सांगतो, बैल तुमच्यावर उठणार आहे. बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे. शेवटी सिंह मित्राला मारतो आणि दमनक प्रधान होतो.

बेलवेदर हा त्या दमनकाचाच वंश. म्हणून माळावरच्यांना सांगतो, वाघ अमुक समाज आणि ससा तमुक समाज अशी जोडी लावत बसलात तर प्रतीक लंगडणारच. प्रतीक प्राण्याचं नाही, भीतीचं आहे. भीती खरी असू शकते. ती कोण विकतो आणि तिच्यावर कुठल्या खुर्चीत बसतो, ते महत्त्वाचं. फरक इतकाच की पंचतंत्रात दमनक पचवून जातो. मला तो शेवट अधिक प्रामाणिक वाटतो. पेनात कबुलीजबाब सापडून भांडणं मिटतात, हे फक्त पडद्यावर.

माळावरचा:
सर, दमनकाचं पटलं. पण ते प्रेस कॉन्फरन्सचं काय? तिथं मेंढी कुठं होती विकायला? ज्युडी स्वतःच्या तोंडानं सांगते की मांसाहाऱ्यांच्या रक्तातच आहे, मागे जातायत ते जंगली काळात.

पूर्वभागवाला:
ओ, मेंढी तिथंच होती, मंचामागे! नेमकी तीच ज्युडीला पत्रकारांपुढे ढकलते. आणि माझ्या मते तोच पिक्चरचा सगळ्यात धारदार तुकडा. निक तिला विचारतो, मला घाबरतेस का, आणि मुद्दाम अंगावर आल्याचा आव आणतो. तिचा हात आपोआप कमरेला जातो, आईबाबांनी दिलेला कोल्ह्यांवर मारायचा स्प्रे तिथे लटकलेला. एक शब्द न बोलता. तो स्प्रे आपण पहिल्यापासून तिच्या पट्ट्यावर बघत होतो, कुणाच्या लक्षात आला? चांगला माणूस पण पट्ट्याला काहीतरी लावून फिरतो, हेच सांगायचंय.

आधीच्या आराखड्यात तर मांसाहाऱ्यांच्या गळ्यात शॉक देणारे पट्टे होते आणि नायक निक होता. ते काढून टाकलं ते बरं झालं. पट्टा दिसला की अन्याय ओरडून सांगावा लागत नाही, प्रेक्षक आरामात निकच्या बाजूने बसतो. स्प्रेमुळे त्याला ज्युडीच्या जागी बसावं लागतं.

जुळे_सोलापूरकर:
स्प्रेचा प्रसंग ग्रेटच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात कुणी हसत नाही, म्हणून तो खरा होतो. माझं भांडण हशाशी आहे. फ्लॅशला गाडी दिली, ज्युडीला गुणाकार दिला, ठीक. लेमिंगांना काय दिलं? निक पंजाच्या आकाराची आइसफ्रूट विकतो, पहिल्या लेमिंगने घेतली की मागचे सगळे घेतात, काड्या पण सगळे एकाच जागी टाकतात. त्यातला एकही शेवटपर्यंत वेगळा निघत नाही.

आणि लेमिंग एकामागोमाग कड्यावरून उड्या मारतात ही समजूतच मुळात खोटी. ती पसरवण्यात मोठा हात कुणाचा? डिस्नेचा. १९५८ च्या त्यांच्या 'व्हाइट विल्डरनेस' या माहितीपटात तो प्रसंग रचून घेतलेला होता, लेमिंग पाण्यात ढकललेले होते. त्याला ऑस्करही मिळालं. एका प्राण्याची खोटी बदनामी करायची, आणि ५८ वर्षांनी पूर्वग्रहावरच्या पिक्चरमध्ये तिच्यावरच टाळ्या घ्यायच्या.

अक्कलकोट_रोड:
हे १९५८ चं माहीत नव्हतं. वाईटच आहे. पण इथले लेमिंग सूटवाले बँकर आहेत दादा. एकाने घेतलं म्हणून सगळ्यांनी घेतलं, त्यानेच लेहमन बुडाली ना? विनोद प्राण्यावर नाही, शेअर बाजारावर आहे.

जुळे_सोलापूरकर:
मग बँकर दाखवायला माणसासारखे वागणारे दहा प्राणी होते. लेमिंगच का निवडला? कारण प्रेक्षकाच्या डोक्यात ती बदनामी आधीच तयार होती, फुकटात.

माळावरचा:
आणि भीती घालणारी म्हणून मेंढीच का, ते पण विचारा की. कळपातलं जनावर, गरीब तोंडाचं, म्हणून धक्का बसतो. पण आमच्या पोरांनी पिक्चर बघितल्यापासून सगळ्यात पुढच्या मेंढीला बेलवेदर म्हणायला सुरुवात केलीय. ती बिचारी नुसती वाट दावत्या ओ.